मुलाखतीत माणूस कळतो का?



बैलबाजारात आपण कसे वागतो ते जरा आठवून पाहा. दलाल बैलाच्या पाठीवर हात फिरवीत त्याचे गुण गात असतो. शिंगे तासून रंगवलेली असतात, अंगावर तेलाची तकाकी असते. आपण सगळे ऐकून घेतो, पण जबडा उघडून दात पाहिल्याशिवाय वय मानीत नाही. बैल चालवून पाहतो, बसवून उठवून पाहतो. जाणता माणूस बरोबर असला, तर गाडीला जुंपून पाहिल्याशिवाय तो रुमालाखाली हात घालूच देत नाही.

आता दुसरे चित्र घ्या. गावच्या दूध संस्थेला फॅट काढणारा माणूस नेमायचा आहे. संचालक मंडळी ओळीने बसली आहेत. समोर खुर्चीवर पोरगा. "कुठल्या गावचा? वडील काय करतात? अमक्या पाटलांचे तुम्ही कोण?" चहा येईपर्यंत प्रश्न संपतात. पोरगा बाहेर गेला की मंडळी एकमेकांकडे पाहून म्हणतात, "बरा दिसतो. चेहऱ्यावरून सरळ वाटतो." झाली नेमणूक! ज्याच्या हाती वर्षभर साऱ्या गावच्या दुधाचा हिशेब जायचा, त्याला आपण बैलाइतकेही पाहिलेले नसते.

शेतीच्या माणसाने हा विषय कशाला काढावा, असे कोणी म्हणेल. पण आज या विषयाशी शेतकऱ्याच्या घराचा दुहेरी संबंध आहे. आपली मुले-मुली शहरात जाऊन त्या खुर्चीवर बसतात. आणि गावात दूध संस्था, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गटांचा संघ यांच्या निमित्ताने खुर्चीसमोर बसून माणूस निवडायची पाळी आपल्यावरही येते. दोन्हीकडे चूक झाली तर नुकसान आपल्याच घराचे.

दहिसरच्या गाळ्यातली गोष्ट

मी राहतो दहिसरला आणि नोकरी पालघर जिल्ह्यात. १९५७ साली मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढली. त्याआधी इथे भातखाचरे होती, खाडीच्या अंगाला मिठागरे होती. जुने गावठाण अजून आहे. राष्ट्रीय उद्यानातून निघालेली नदीही वाहते, पण तिच्याकडे पाहवत नाही. विरारकडून गाडीने येणाऱ्याला मुंबईचे पहिले स्टेशन लागते ते हेच. त्यामुळे जव्हार, वाडा, विक्रमगड भागातली ओळखीची मुले मुलाखतीला आली की आदल्या रात्री आमच्याकडे उतरतात. सकाळी इस्त्री केलेला सदरा घालून, प्लास्टिकच्या पिशवीत दाखले घेऊन निघतात आणि संध्याकाळी परत येतात. त्यांच्या चेहऱ्यावरून निकाल कळतो.

असाच एक जव्हारकडचा मुलगा आला होता. इथल्या एका औद्योगिक वसाहतीच्या गाळ्यात भांडार सांभाळायला माणूस हवा होता. पाच-सात मिनिटांत त्याला बाहेर पाठवले. मालक माझ्या ओळखीचे निघाले, म्हणून कारण कळले. ते म्हणाले, "साहेब, मुलगा डोळ्याला डोळा भिडवत नाही. खाली मान घालून बोलतो. काहीतरी लपवतोय."

आता बघा. त्या मुलाच्या घरी वडीलधाऱ्यांसमोर नजर वर करून बोलणे हा उद्धटपणा समजतात. आजोबांसमोर, मास्तरांसमोर, तलाठ्यासमोर मान खाली घालून बोलायचे हे त्याला लहानपणापासून शिकवलेले. तो वळण दाखवीत होता आणि मालकांना त्यात चोरी दिसत होती. या मुलाने गावच्या नळयोजनेची पट्टी दोन वर्षे घरोघर जाऊन गोळा केली होती आणि वहीत एका रुपयाची तफावत कधी आली नव्हती. पण ते कोणी विचारलेच नाही, आणि विचारल्याशिवाय आपणहून सांगायचे त्याच्या अंगात नव्हते.

मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. खोटे बोलणारा नजर चुकवतो ही समजूत साऱ्या जगात आहे. २००६ साली ७५ देशांतल्या लोकांना 'खोटे बोलणारा कसा ओळखाल?' असे विचारण्यात आले, तेव्हा सर्वांत जास्त मिळालेले उत्तर हेच होते. गंमत अशी, की नजरेवरून खोटेपणा ओळखता येतो याला आधार सापडत नाही. उलट सराईत लबाड नेमका डोळ्यात डोळे घालून बोलतो, कारण आपण काय पाहतो हे त्यालाही ठाऊक असते. त्याच वर्षी बाँड आणि डीपॉलो या दोन संशोधकांनी अशा शेकडो प्रयोगांचे आकडे एकत्र केले. नुसते ऐकून आणि पाहून खरे-खोटे सांगायला बसलेली माणसे शंभरात सरासरी ५४ वेळा बरोबर ठरली होती. नाणे उडवले तरी पन्नास वेळा बरोबर येते! आणि ज्यांचे कामच चौकशी करण्याचे, ती पोलीस खात्यासारखी मंडळीही यात फारशी सरस निघाली नाहीत. तेव्हा "मी माणूस बघताक्षणी ओळखतो" असे कोणी मिशीवर ताव देऊन सांगू लागला, तर त्याच्या आत्मविश्वासाचे कौतुक करावे आणि नेमणुकीचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

नजरेची तीच गत बोलीची. खेड्यातला मुलगा 'पाणी'ला 'पानी' म्हणाला, 'आणि'ला 'आनि' म्हणाला, की शहरातल्या टेबलामागे एक भुवई वर जाते. त्या एका अक्षरावरून त्याची हुशारी, त्याचे वळण, पुष्कळदा त्याची जातही मनातल्या मनात ठरवली जाते. न आणि ण यांत फरक न करणाऱ्या माणसाने नट-बोल्ट मोजताना काय चूक करायची आहे? हा दोष मला फार जुना आणि फार महागाचा वाटतो. किती चांगली माणसे त्यापायी दाराबाहेर राहिली असतील!

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. त्याच वसाहतीत आणखी एक गाळा आहे. तिथले मालक उमेदवाराशी फार बोलत नाहीत. त्याच्या हातात मालाची वही देतात, एक फळी दाखवतात आणि म्हणतात, "हा माल मोजून वहीशी ताडून पाहा." वहीत एका जागी ४८ नग लिहिलेले असतात, फळीवर असतात ४६. बरेच जण मोजल्यासारखे करून ४८ वर बरोबरची खूण करतात. काही जण हळूच ४८ चे ४६ करून मोकळे होतात. आमच्या पाहुण्याने तीनदा मोजले, वहीला हात लावला नाही आणि येऊन सांगितले, "दोन कमी भरतात." मालक लगेच खूष झाले असे मात्र नाही. इतरांना जे काम पंधरा मिनिटांचे होते त्याला याने पाऊण तास लावला, म्हणून ते जरा कुरकुरले. शेवटी एक महिना ठेवून बघू म्हणाले. तो महिना संपून आता बरेच दिवस झाले आणि मुलगा तिथेच आहे.

वाणाची तकाकी आणि उगवण

सोयाबीन पेरणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. सोयाबीनचे बियाणे दिसायला टपोरे, पिवळेधमक असते. पण त्याचे टरफल नाजूक. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला, पोती वरून आपटली, की आतला अंकुर दुखावतो आणि वरून काही दिसत नाही. २०२० च्या खरिपात उगवण झाली नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, दुबार पेरण्या झाल्या, ते अजून विसरलेले नाही. म्हणून आम्ही गावोगाव सांगत असतो, की ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे ठेवा, गुंडाळी करा, ओल टिकवा आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. सत्तर आले तर बियाणे पेरण्याजोगे. दाणा हातावर घेऊन कितीही निरखला तरी हा आकडा कळत नाही. तो गोणपाटावरच कळतो.

माणसाच्या बाबतीत हे सैन्याला फार आधी कळले. सैन्यातला अधिकारी निवडताना सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डात उमेदवाराला पाच दिवस ठेवून घेतात. मुलाखत असतेच, पण ती एकटी नसते. चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, सात-आठ जणांच्या गटाला फळ्या, दोर आणि पिंप देऊन अडथळा पार करायला सांगतात आणि कोण हुकूम सोडतो, कोण खांदा देतो, कोण दमल्यावर चिडतो, हे बाजूला उभे राहून पाहतात. मुलाखत घेणारा, मानसशास्त्रज्ञ आणि गटाकडे पाहणारा अधिकारी आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटी एकत्र बसतात. आपल्या राज्याने १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली ती मुलांना याच वाटेची तयारी व्हावी म्हणून. ज्यांच्या घरी दहावीला हुशार आणि तब्येतीने काटक मुलगा असेल त्यांनी या संस्थेची चौकशी जरूर करावी.

अर्थात पाच दिवस पाहूनही सारे कळते असे नाही. डॉ. अब्दुल कलाम तरुणपणी हवाई दलात जाण्यासाठी डेहराडूनच्या अशाच मंडळापुढे गेले होते. पंचवीस जणांत त्यांचा नववा क्रमांक आला आणि घ्यायचे होते आठ. त्यांनी आत्मचरित्रात हे मोकळेपणाने लिहिले आहे. तुमचा मुलगा मुलाखतीत राहिला तर त्याला घरात टोचून बोलण्याआधी हे आठवावे.

न्यायालयाने काय म्हटले

मुलाखतीला किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० गुण आणि तोंडीला ५० गुण ठेवले होते. ज्यांना लेखीत भरपूर गुण होते अशी मुले तोंडीत खाली ढकलली गेली. तोंडी परीक्षा चालली किती वेळ, तर माणशी दोन-तीन मिनिटे, आणि प्रश्न काय, तर वडील कोण आणि राहता कुठे! अजय हसिया यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९८० च्या नोव्हेंबरात न्यायालयाने सांगितले, की तोंडीला एकूण गुणांच्या शेकडा १५ पेक्षा जास्त वाटा देणे मनमानी ठरेल. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे, असेही त्यांनी सुचवले.

पुढे १९८५ साली हरियाणाचे प्रकरण आले. तिथे ६१ जागांसाठी तेराशेहून अधिक उमेदवारांना मुलाखतीला बोलावले होते. न्यायालयाने म्हटले, जागांच्या दुप्पट, फार तर तिप्पट माणसे बोलवा. शिवाय एक गोष्ट सांगितली ती आपल्या गावाला फार लागू आहे. निवड समितीतल्या सदस्याचा जवळचा नातलग उमेदवार असेल, तर त्याने त्या साऱ्या निवडीतूनच बाजूला व्हावे. आपल्याकडे अध्यक्षांचा भाचा उमेदवार असला, की अध्यक्ष खुर्ची घट्ट धरून बसतात आणि वर "मी काही बोलणार नाही, नुसता बसतो" असे म्हणतात. ते नुसते बसले तरी बाकीच्यांना काय लिहायचे ते कळते.

आज केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीला आहेत. म्हणजे शेकडा चौदाच्या आतच. तिला अधिकृतपणे नावही 'व्यक्तिमत्त्व चाचणी' असेच आहे. खालच्या पदांसाठी तर केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून मुलाखत काढूनच टाकली. गट क, गट ड आणि गट ब मधील अराजपत्रित पदे लेखी परीक्षेवर भरायची आणि टंकलेखन, वाहन चालवणे असले काम असेल तर त्याची चाचणी घ्यायची, असे ठरले. महाराष्ट्रानेही हा बदल लवकर उचलला. या निर्णयाने वशिल्याची आणि पाकिटाची एक मोठी जागा कमी झाली, असे माझे मत आहे. गावात मात्र मुलाखत उरलीच आहे. पोलीस पाटलाच्या निवडीत लेखीला ८० आणि तोंडीला २० गुण अशी पद्धत आहे. वीस गुण थोडे वाटतात, पण लेखीत चार-दोन गुणांच्या फरकाने उभ्या असलेल्या माणसांचे भवितव्य तेवढ्यावर फिरते.

यावरून मुलाखत म्हणजे निव्वळ थोतांड, असा अर्थ कोणी काढू नये. २०२२ साली सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडीच्या निरनिराळ्या पद्धतींचा पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा पुढे काम कसे होईल याचा अंदाज देण्यात मुलाखतच सर्वांत वर आली. पण ती कोणती मुलाखत? आधी ठरवलेले प्रश्न, सर्वांना तेच, त्याच क्रमाने आणि गुण देण्याची रीतही आधी ठरलेली. गप्पा मारून अंदाज बांधायची मुलाखत खूप खाली राहिली.

दूध संस्थेत माणूस नेमताना

आता आपल्या दूध संस्थेकडे परत येऊ. समजा तुम्ही संचालक आहात आणि चार उमेदवार आले आहेत. त्यांना खुर्चीवर बसवण्याआधी संकलन केंद्रावर न्या. गर्बर पद्धतीने फॅट काढायला सांगा. ब्युटिरोमीटरमध्ये आधी १० मिलिलिटर गंधकाचे आम्ल, मग नळीच्या कडेने हळू सोडलेले १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल, हा क्रम ज्याच्या हातात बसला आहे त्याला बोलायची गरज पडत नाही. ज्याने हे काम केलेलेच नाही तो बाटली हातात धरतानाच कळतो, मग अर्जात पाच वर्षांचा अनुभव लिहिलेला असो. तुमच्याकडे यंत्र असेल तर एवढेच पाहा, की तो नमुना घेण्याआधी दूध तळापर्यंत ढवळतो का. न ढवळता वरचे घेतले तर मलईचा आकडा येतो, तळचे घेतले तर गरिबाचा तोटा होतो. दूध संस्थेतली पुष्कळशी लबाडी यंत्रात होत नाही, ती या ढवळण्यात होते.

आणि प्रामाणिकपणा? तोही इथेच पाहता येतो. एकाच म्हशीचे दूध दोन बाटल्यांत भरा. एका बाटलीवर अध्यक्षांचे नाव चिकटवा, दुसरीवर गावातल्या एखाद्या एक म्हैस पाळणाऱ्या विधवा बाईचे. मध्ये आणखी चार-पाच नमुने ठेवा. दूध एकच, तेव्हा दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, एखाद्या दशांशाचा फरक हाताचा म्हणून सोडून देता येईल. अध्यक्षांच्या बाटलीला ७ आणि बाईंच्या बाटलीला ६.४ लागली, तर पुढचे प्रश्न विचारायचे कारण नाही. अशी चाचणी घ्यायला अध्यक्षांचे मन मोठे लागते, हे खरे. ज्या संस्थेत अध्यक्ष याला नकार देतील, तिथे माणूस निवडण्याआधी दुसराच एक प्रश्न उभा राहतो.

काही जण प्रामाणिकपणा पाहण्यासाठी मुद्दाम पाचशेची नोट जमिनीवर टाकून ठेवतात. मला हा प्रकार पटत नाही. गरजू माणसासमोर मोह ठेवून त्याची फजिती पाहणे हे निवडीचे काम नव्हे. शिवाय ही युक्ती आता सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लबाड मनुष्य ती नोट सर्वांत आधी उचलून आणून देईल! रोजच्या कामात जिथे खरे-खोटे होण्याची जागा असते, तिथेच पाहावे. भांडारवाल्याला माल मोजायला द्यावा, कारकुनाला जमाखर्च जुळवायला द्यावा, ट्रॅक्टरवाल्याला नांगर जोडून दोन तास काढायला सांगावे. नंतर त्याला विचारावे, "काय काय बिघडले, काय राहिले?" चांगला चालक म्हणतो, "कोपऱ्यावर फाळ वर आला, तिथली दोन हात जमीन राहिली." दुसरा म्हणतो, "एक नंबर झाले."

मग बसून प्रश्न विचारा. "तू प्रामाणिक आहेस का?" याला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. "पैसे कमी भरले तर काय करशील?" यालाही पाठ केलेले उत्तर येते. घडलेले विचारा. "आजवर तुझ्या हिशेबात फरक आला तो केव्हा? किती रुपयांचा? कोणाला सांगितलेस? मग काय झाले?" खरे घडलेले असेल तर त्याला गाव असते, दिवस असतो, आकडा असतो आणि थोडी लाजही असते. बनवलेली हकिकत गुळगुळीत असते आणि खोलात विचारले की तीच वाक्ये पुन्हा येतात. हीही खात्रीची कसोटी नाही, कारण तयार होऊन आलेला माणूस इथेही निभावून नेऊ शकतो. पण नजर आणि चेहरा पाहण्यापेक्षा ही वाट पुष्कळ बरी, कारण जे सांगितले ते पडताळून पाहता येते.

पडताळण्याचे काम आपण नेमके टाळतो. उमेदवार आधी जिथे कामाला होता तिथे एक फोन करायला किती वेळ लागतो? दाखल्यावर सगळेच 'वर्तणूक चांगली' लिहितात, त्याला किंमत नाही. तिथल्या माणसाला एकच विचारावे, "हा उद्या परत आला तर तुम्ही कामावर घ्याल का?" उत्तर द्यायच्या आधी तो किती थांबतो तेही ऐकावे. मात्र ज्याच्याकडे उमेदवार अजून कामाला आहे तिथे त्याला न विचारता फोन करू नये. आपल्या चौकशीपायी त्याची हातची नोकरी जायची.

गुण देताना प्रत्येक संचालकाने आपापल्या कागदावर, बोलण्याआधी, स्वतंत्र लिहावेत. सरपंच आधी बोलले की बाकीचे त्यांच्यामागे जातात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे.

उमेदवार मुलगी असली, की आपल्या मंडळींना एक प्रश्न हटकून सुचतो. "लग्न झाल्यावर काय करणार?" सून असली तर "घरच्यांची परवानगी आहे ना?" हे प्रश्न मुलाला कोणी विचारत नाही, मग मुलीलाही विचारू नयेत. बचत गटाच्या वह्या सांभाळलेल्या बायकांचे हिशेब मी पाहिले आहेत. त्यांतला नेटकेपणा पाहून कित्येक पतसंस्थांनी शिकवणी लावावी! कामाची वेळ काय, बाहेरगावी जावे लागेल का, हे आपण स्पष्ट सांगावे आणि जमेल की नाही ते तिला ठरवू द्यावे.

मुलाला शहरात पाठवताना

आता आईवडिलांसाठी थोडे. मुलाला शहरी बोली घोटवून पाठवू नका, ती पहिल्या पाच वाक्यांत गळून पडते आणि मग तो गप्प बसतो. त्याने आपल्या बोलीत, पण सावकाश आणि पूर्ण वाक्यात बोलावे. नजरेचे मात्र समजावून सांगा, की तिथे समोर पाहून बोलणे हा उद्धटपणा मानत नाहीत. घरी सराव करून घ्या. शेजारच्या मास्तरांना किंवा भावकीतल्या नोकरदार माणसाला समोर बसवा आणि वर पाहून उत्तरे द्यायला लावा. पहिल्या दिवशी तो हसेल, चौथ्या दिवशी जमेल.

दुसरे म्हणजे अनुभव. आपली मुले 'अनुभव नाही' असे लिहून मोकळी होतात. ज्या मुलाने दोन हंगाम मजुरांची हजेरी लिहिली, फवारणीचे प्रमाण काढले, बाजार समितीत जाऊन पट्टी तपासून आणली, त्याला अनुभव नाही कसा? हे त्याने सांगायचे असते, आणि आकड्यांसह सांगायचे असते. किती मजूर, किती एकर, पट्टीत कुठे चूक सापडली. जे येत नाही ते "येत नाही" म्हणावे. संगणक येत नसताना येतो म्हणून सांगितले, तर पहिल्याच दिवशी उघडे पडते.

आणि पैसे. मुलाखतीआधी, मुलाखतीनंतर, अनामत म्हणून, गणवेशासाठी, प्रशिक्षणासाठी, कोणत्याही नावाने कोणी पैसे मागितले तर तिथून उठावे. चांगला मालक पगार देतो, पैसे घेत नाही. दोन खोल्यांचे भाड्याचे कार्यालय, भिंतीवर मोठ्या कंपन्यांची चित्रे आणि टेबलावर पावतीपुस्तक, असा थाट या उपनगरांत अधूनमधून मांडला जातो आणि महिन्याभरात कुलूप लागते. मूळ दाखले कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. दाखवावेत, झेरॉक्स द्यावी आणि मूळ प्रत पिशवीत परत ठेवावी.

गावच्या संस्थांना मात्र एक सुचवतो. मुलाखतीला बोलावलेल्या प्रत्येकाला, निवड होवो वा न होवो, एसटीचे येण्याजाण्याचे भाडे द्यावे आणि दुपार झाली तर जेवू घालावे. संस्थेच्या खर्चात चार माणसांचा हा आकडा किरकोळ आहे. निकाल त्याच आठवड्यात फलकावर लावावा, ज्यांना घेतले नाही त्यांनाही कळवावे, आणि संचालकांनी गुण लिहिलेले कागद पाकिटात घालून संस्थेच्या कपाटात ठेवावेत. पुढच्या वार्षिक सभेत कोणी उठून विचारलेच, तर ते पाकीट सभेत सर्वांसमोर उघडता येते.